पुठ्ठ्यावरचे डाग : बेळगावातल्या एका जुन्या पोर्शेचं प्रकरण

अण्णांच्या शेडमागं रद्दीचा ढीग असतो, त्यात मला ते पुठ्ठे सापडले. पंख्याच्या, बिस्किटांच्या, टीव्हीच्या खोक्यांचे सपाट केलेले तुकडे आणि प्रत्येकाच्या मधोमध तेलाचा एक डाग. अकरा होते. शेडमधला पोरगा महिन्याभरानं अण्णांच्या गाडीखालचा जुना पुठ्ठा काढून नवा सरकवायचा. कोल्हापूरहून दाजी येणार असले की आदल्या रात्रीच. ढिगात सगळ्यात खाली असलेल्या पुठ्ठ्यावरचा डाग रुपयाच्या नाण्याएवढा, सगळ्यात वरचा बशीएवढा. कुणी वही घालून नोंद ठेवली असती तर ती इतकी नेमकी राहिली नसती.

उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, माझं लेथ-मिलिंगचं छोटं शॉप आहे. तिथून तीन शेड पलीकडं अण्णांची फाउंड्री. त्यांची गाडी पोर्शे ९११, कंपनीच्या आतल्या नंबरानं ९९६, २००४चं मॉडेल. चंदेरी रंग, ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, हाताचा गिअर. मार्च २०२२ मध्ये ती मुंबईहून आली. किती रुपयांत, ते लिहायचं नाही असं अण्णांनी बजावलंय. एवढंच सांगतो की त्या पैशात नवी फॉर्च्युनर दारात उभी राहिली असती, आणि घरात हे वाक्य अजून बोललं जातं.

दाजी म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते फेरारीवाले. त्यांच्याकडं फेरारी नाही, कधी नव्हती. दारात इनोव्हा असते. पण २००२ मध्ये सचिननं ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाटनं शूमाकरच्या हातून त्याला फेरारी ३६० मोडेना दिली, मग तिच्या आयात शुल्कावरून गदारोळ झाला, तेव्हापासून दाजींचा जीव त्या गाडीत अडकलाय. शुल्क शेवटी फियाटनं भरलं हे ते अजूनही स्वतःच्या खिशातून गेल्यासारखं सांगतात. अशी निष्ठा गाडीच्या मालकापेक्षा गाडी नसलेल्या माणसात जास्त कडक असते, हे माझं निरीक्षण. मालकाला गाडीच्या खोड्या माहीत असतात.

दिवाळीला, जत्रेला, बारशाला दोघं भेटले की विषय एकच. दाजी पोर्शेला ट्रॅक्टर म्हणायचे. त्यात थोडं खरंही आहे. १९५६ ते १९६३ या काळात पोर्शेच्या नावानं जर्मनीत डिझेल ट्रॅक्टर बनत होते. अण्णांना त्याचा राग नव्हता. ‘‘ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरच चालतोय की, दाजी. घोडं नाचवून काय करायचं?’’ वास्तविक घोडा दोन्ही बोधचिन्हांत आहे. पोर्शेच्या चिन्हातला स्टुटगार्ट शहराचा, फेरारीचा पहिल्या महायुद्धातल्या बाराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावरचा. मग ले मान्सची चोवीस तासांची शर्यत निघायची. अण्णा १९७०ची ९१७ काढायचे, तिनं फेरारीच्या ५१२ला मागं टाकून पोर्शेला पहिलं अजिंक्यपद दिलं ती. आणि पोर्शेची एकूण १९ अजिंक्यपदं. दाजी २०२३ काढायचे, पन्नासहून अधिक वर्षांनी फेरारी तिथं जिंकली ते. पुढं २०२४ आणि २०२५ही फेरारीचंच झालं, तेव्हा दाजींनी बेळगावात कुंदा वाटला. बेळगावात येऊन बेळगावचाच कुंदा.

हे सगळं गमतीचं, पण यातल्या एका वाक्यानं गाडीचं नुकसान केलं, म्हणून हे प्रकरण लिहितोय. अण्णांचं ते वाक्य असं : ‘‘तुमच्या फेरारीला दर तीन वर्षांनी पट्टा बदलायला लागतोय. आमच्यात चेन हाय. गाडी मोडंपर्यंत बघायला नको.’’

वाक्य अर्धं बरोबर आहे. ३६० मोडेनाच्या व्ही-८ इंजिनात टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह नेमक्या वेळी उघडावेत म्हणून, रबरी पट्टे असतात आणि ते मुदतीत बदलावेच लागतात. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचा खुर्दा होतो. पुढच्या एफ४३० मध्ये फेरारीनं स्वतःच पट्टा सोडून चेन घेतली. ९९६ मध्ये चेन आहे हेही खरं. पण ती चेन क्रँकवरून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टवरून, थेट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडं जात नाही. क्रँक आधी खालच्या एका मधल्या शाफ्टला फिरवतो, आणि तो शाफ्ट दोन्ही बाजूंच्या कॅमना. या मधल्या शाफ्टचं फ्लायव्हीलकडचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचं, टोक एका बेअरिंगवर टेकलेलं असतं. आमच्या बाजूचा कुठलाही लेथवाला ते बेअरिंग बघून हसेल : आकारानं ६२०४च्या घरातलं, म्हणजे पाण्याच्या मोटरीत, मोटारसायकलच्या चाकात बसतं तसलं. दोन्ही बाजूंनी सील, आत आयुष्यभर पुरेल असं समजून भरलेलं ग्रीस.

जुन्या एअरकूल्ड ९११ मध्ये ही जागा दाबानं तेल मिळणाऱ्या साध्या बुश बेअरिंगची होती, आणि ९९६च्या काळातल्या टर्बो आणि जीटी३ या गाड्यांनाही ते जुन्या घराण्याचं इंजिन मिळालं. साध्या ९९६ला आणि पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरला मिळालं ते नवीन, पाण्यानं थंड होणारं, कमी खर्चात बनणारं. १९९०च्या दशकात कंपनीची अवस्था नाजूक होती; या दोन गाड्यांनी समोरचे दिवेसुद्धा वाटून घेतले आणि तिला तारलं. त्या काटकसरीत हे बेअरिंग आलं. काही वर्षांत त्याचं सील कडक होतं. इंजिनातलं तेल आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं, पण ताजं तेल खेळत नाही; आत शिरलेलं तिथंच कुजत राहतं. मग गोळ्या कोरड्या पडायला लागतात. बेअरिंग फुटलं की शाफ्ट डुगडुगतो, चेन उडी मारते आणि पट्टा तुटल्यावर फेरारीचं जे होतं तेच होतं. अमेरिकेत यावर सामूहिक दावा चालून २०१३ मध्ये तडजोड झाली. दाव्यात २००१ ते २००५ची मॉडेल्स होती. २००९च्या मॉडेलपासून पोर्शेनं हा शाफ्टच काढून टाकला.

बहुतेक गाड्यांची बेअरिंग टिकलीच आहेत, हे अण्णांच्या बाजूनं सांगायला हवं. पण फेरारीच्या पुस्तकात पट्ट्याला मुदत लिहिलेली आहे, म्हणून कंजूस मालकसुद्धा तो बदलतो. पोर्शेच्या पुस्तकात या बेअरिंगचं नाव नाही, म्हणून शिस्तीचा मालकही ते बघत नाही. अण्णा शिस्तीचे. फाउंड्रीतल्या कॉम्प्रेसरचं तेल तारीख बघून बदलतात.

गाडी उभी राहिली ती अशी

उभी गाडी खराब होते हे सगळे म्हणतात, पण का उभी राहिली ते कुणी लिहीत नाही. या गाडीचं कारण सीमाभागातलं.

गाडी एमएच पासिंगची. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. एनओसी आणा, कर्नाटकाचा लाइफ टॅक्स भरा. अण्णा ते पुढं ढकलत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला आणि हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली. साध्या ट्रकच्या काचा राहिल्या नाहीत, तिथं एमएच पासिंगची पोर्शे कोण बाहेर काढणार? तिच्यावर ताडपत्री पडली. इकडं आम्ही मराठी बोललो की तिकडचे, तिकडं गेलो की कानडी हेल काढणारे; गाडीचंही तसंच झालं. २०२३च्या उन्हाळ्यात केए-२२ नंबर मिळाला, ताडपत्री निघाली. मग मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा तो अपघात झाला, दोन जीव गेले, आणि पोर्शे हे नाव गल्लीतल्या पोरांच्या तोंडी वेगळ्याच अर्थानं आलं. खडेबाजारात सिग्नलला थांबलं की लोक काचेतून आत कोण बसलंय ते बघायचे. अण्णांनी गाडी पुन्हा आत लावली.

दोन वर्षांत ती चालली जेमतेम चौदाशे किलोमीटर, आणि तेही कसे? टिळकवाडीतल्या घरापासून उद्यमबागेपर्यंत, रविवारी सकाळी. रेल्वे गेट पडलं तरच दहा मिनिटं लागतील. या इंजिनात आठ लिटरांहून जास्त तेल असतं. ते पुरतं तापायला गाडी त्याच्या दुप्पट वेळ तरी पळायला हवी. तेल कोमटच राहिलं की न जळलेलं पेट्रोल आणि हवेतला ओलावा त्यातच मुरतो, आणि बेळगावच्या जुलै-ऑगस्टात ओलाव्याला काय तोटा? कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अण्णांना वाटायचं, आपण गाडीला जपतोय.

पुठ्ठे जमिनीवर मांडल्यावर

जुलै २०२४ मध्ये मी शेडमागं एका जुन्या पॅटर्नची फळी शोधायला गेलो होतो, तेव्हा हे पुठ्ठे दिसले. पोराला विचारलं तर तो कावराबावरा. ‘‘अण्णांनी सांगिटल्यात, दाजींला दिसू नये म्हणून.’’ आम्ही दोघांनी ते ओळीनं मांडले.

अण्णांना बोलावलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बेंगळुरूला फोन केलतो मी. तिथल्या वर्कशॉपवाल्यानं सांगिटलंय, या गाडीत एवढं गळतंच, चालवा.’’

त्या वर्कशॉपचं नाव इथं नको. तो साफ खोटं बोलला असंही नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून थोडं पाझरणं ही या इंजिनाची जुनीच खोड आहे. पण त्याच जागी, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात, बेअरिंगवरच्या झाकणाचं सीलही गळतं. खालून दोन्ही थेंब एकसारखेच दिसतात. कुठलं गळतंय ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि फोनवर तर नाहीच नाही.

मी म्हटलं, गिअरबॉक्स उतरवू. अण्णांनी मान हलवली, आणि कारण दिलं ते गाडीचं नव्हतं. ‘‘उतरवला की दाजी म्हणणार, बघा, आमचा पट्टा परवडला.’’

त्यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. वयानं ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. दोन दिवस ते माझ्या शॉपसमोरून जाताना आत बघत नव्हते. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि आधी तेलाचा फिल्टर काढून बघू म्हणाले.

फिल्टर म्हणजे कागदाच्या घड्यांची नळी. ब्लेडनं घड्या कापून पांढऱ्या कापडावर पसरल्या. तपकिरी प्लॅस्टिकचे बारीक कण निघाले. चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या घासून ते निघतात, वय झालेल्या इंजिनात चालायचंच. मग लोहचुंबक फिरवलं. फाउंड्रीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही; अण्णांनीच माझ्या हातून चुंबक घेतलं आणि प्रत्येक घडीवरून, भात निवडावा तसं, सावकाश फिरवलं. काही चिकटलं नाही.

हे महत्त्वाचं होतं. लोखंडाची चमक निघाली असती तर नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही. तो चुरा तेलातून इंजिनभर फिरलेला असतो, सगळं उघडावं लागतं, आणि मग खर्च गाडीच्या किमतीशी बोलायला लागतो. स्वच्छ फिल्टरचा अर्थ एवढाच होता की वेळ गेलेली नाही. अण्णांना मात्र तो ‘काही झालेलं नाही’ असा वाटला. आणखी एक दिवस त्यात गेला.

गिअरबॉक्स खाली

काम माझ्या शॉपमध्ये केलं नाही. शेजारच्या गॅरेजमध्ये दोन खांबी लिफ्ट आहे आणि तिथला मेस्त्री जर्मन गाड्यांना हात लावताना घाबरत नाही. त्यानं तीन तासांत गिअरबॉक्स उतरवला. क्लच निघाला, फ्लायव्हील निघालं, आणि मागची भिंत समोर आली. क्रँकचं सील कोरडं होतं. त्याच्या खालचं, तीन बोल्टांचं छोटं झाकण तेलानं माखलेलं.

इथं घाई केली तर इंजिन हातचं जातं. झाकण काढायच्या आधी क्रँक आणि कॅमशाफ्ट खुंट्या घालून जागेवर अडवायचे आणि चेन ताणणारे टेन्शनर सोडायचे. नाहीतर झाकण निघताच चेन शाफ्टला बाजूला ओढते आणि टायमिंग सरकतं. मेस्त्रीनं तिथं चहासुद्धा नाकारला. बेअरिंग ओढून काढायचा खास पुलर परदेशात विकत मिळतो. आम्ही तो माझ्या लेथवर ईएन२४ पोलादाच्या गजातून एका दुपारी काढला. उद्यमबागेत राहण्याचे तोटे पुष्कळ, पण हा फायदा आहे.

बेअरिंग बाहेर आलं आणि त्यामागून, पोकळ शाफ्टमधून, अर्धा कप तेल ओघळलं. काळं, पातळ, वास कुजक्या पेट्रोलचा. इंजिनातलं बाकीचं तेल एवढं घाण नव्हतं. हे आत किती वर्षं साचलं होतं कुणास ठाऊक. सील नखानं दाबलं, दबलं नाही, पापडासारखं. आत ग्रीसचा पत्ता नव्हता. मी आतली कडी दोन बोटांत धरून फिरवली. चांगलं बेअरिंग फिरताना बोटांना काहीच कळत नाही. हे कळत होतं : एका जागी अडखळायचं, मग सुटायचं, परत त्याच जागी अडखळायचं. फार नाही, दाताखाली वाळूचा कण यावा तेवढंच. न बोलता अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी पाच-सहा वेळा फिरवलं, कानाजवळ नेलं, खिशात टाकलं.

आता माझी कबुली. माझ्या कपाटात नवीन ६२०४ होतं, चांगल्या कंपनीचं, काही शे रुपयांचं. बसवायचा मोह झाला. मेस्त्रीही म्हणाला, ‘‘साहेब, बसतंय की.’’ बसलं असतंही. पण मुद्दा मापाचा नव्हता. तेच सील, तेच ग्रीस, तीच गरम जागा. म्हणजे काही वर्षांनी तोच निकाल. शिवाय बाजारात नकली बेअरिंग इतकी आहेत की डबीवरच्या नावावर इंजिन पणाला लावायची छाती माझी नाही. अमेरिकेतून याच कामासाठी बनवलेला संच मागवला : पोलादी कड्या, सिरॅमिकच्या गोळ्या आणि इंजिनाकडच्या बाजूला सीलच नाही, म्हणजे ताजं तेल आपोआप आत उडत राहतं. तो यायला, कस्टममधून सुटायला तीन आठवडे गेले. गाडी लिफ्टवर, मधे गणपती. बसवायच्या आदल्या रात्री बेअरिंग आमच्या घरच्या फ्रीजरमध्ये होतं, मटारच्या पिशवीशेजारी, आकसून सैल जावं म्हणून. आईनं दोनदा विचारलं, हे काय आणि किती दिवस.

गिअरबॉक्स खाली आहे म्हणून क्लचही नवा घातला, क्रँकचं सील कोरडं असूनही बदललं. कूलंटची प्लॅस्टिक टाकी तडकायच्या बेतात होती, तीही गेली. सगळं मिळून तीन लाख चाळीस हजार. यात सगळ्यात मोठा आकडा क्लचचा. ज्या बेअरिंगवरून हे रामायण झालं ते आणि त्याची ड्यूटी धरून तिसऱ्या नंबरावर.

याच वर्षात आरटीओचाही नंबर लागला. २००४ची गाडी, पंधरा वर्षांनी २०१९ मध्ये नूतनीकरण झालेलं, ते पाच वर्षांचं, म्हणजे २०२४ मध्ये परत. आयात चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे. भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या आयात गाड्यांसाठी ती ८०,००० झाली, म्हणजे २०२९ला तेवढी. जुनी परदेशी गाडी घेणाऱ्यांनी हा आकडा सर्व्हिसच्या खर्चाआधी लिहून ठेवावा. तो कुठल्याही मेस्त्रीला टळत नाही.

नंतर

अण्णांनी रविवारची फेरी बदलली. आता टिळकवाडी-उद्यमबाग नाही. सकाळी सहाला हायवेला लागून संकेश्वर, तिथं चहा आणि परत. तेल दर सहा महिन्यांनी, किलोमीटर कितीही होवोत, आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून चुंबक. नव्या बेअरिंगलाही बनवणाऱ्यानं मुदत घालून दिली आहे. ती तारीख अण्णांनी फाउंड्रीच्या कॅलेंडरवर नाही, माझ्या शॉपमधल्या फळ्यावर लिहायला लावली. घरात दाजी येतात.

दाजींना अर्थात कळलं. खंडेनवमीला आले तेव्हा गाडीला झेंडूचा हार होता, आणि ते सवयीनं वाकून खाली बघायला लागले. पुठ्ठा नव्हता, फरशी कोरडी. अण्णांनी खिशातून जुनं बेअरिंग काढून त्यांच्या हातात ठेवलं. मला वाटलं, आता पट्ट्याचं निघणार. दाजींनी ते फिरवलं, अडखळणं त्यांनाही लागलं. ‘‘लई थोडक्यात वाचलासा की,’’ म्हणाले, आणि बेअरिंग परत देऊन आत गेले. जेवताना पुन्हा ले मान्सच.

संकेश्वरच्या फेऱ्यांनी मात्र एक नवीन काम काढलंय. या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, हवा घ्यायला तोंड उघडं. नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की हायवेवर ऊसाच्या ट्रॉल्यांचा पाला उडतो, तो सगळा तिथं जाऊन बसतो, ओलाव्यात कुजतो आणि एसीच्या कंडेन्सरच्या पट्ट्या खातो. परवा बंपर काढला तर दोन्ही बाजूंनी मिळून घमेलंभर निघाला. पोरगा म्हणाला, म्हशीला घालू का. आता जाळी कुठल्या मापाची बसवायची यावर मेस्त्रीचा आणि माझा वाद चालू आहे; बारीक घातली तर हवा अडते, मोठी घातली तर पाला आत.